मिठाची हाक

९ जानेवारी

ठिणगे,

कागदाला पांढरं लागलंय ते पीठ आहे. झटक आणि मग वाच. आशीर्वाद आहेतच, ते मात्र झटकू नकोस.

तू घर सोडून गेल्यापासून मी तुला एक अक्षर लिहिलं नाही. काय लिहिणार होते? काहीही लिहिलं असतं तरी ते तुझ्या आईच्या बाजूचं तरी वाटलं असतं, नाहीतर तुझ्या. फोन तू उचलत नाहीस, आणि बेकरीतला फोन तुझ्या आईच्या कानाशी. म्हणून हे पत्र. दुकानात बसूनच लिहितेय. मधेच कुठं तुटल्यासारखं वाटलं, तर तिथं एक पाव विकला गेला असं समज.

काम असं आहे. आपल्याकडे एक बाई नेहमी येतात. चांगल्या ओळखीच्या. त्यांना डॉक्टरांनी अल्झायमर सांगितलाय. वय साठीच्याही आत! मी आपली समजत होते, हा आजार म्हणजे अगदी थकलेल्या, अंथरुणाला लागलेल्या माणसांचा. ही बाई दिवसभर उभी असते. दहा माणसांशी बोलते, भांडते, हसते. माझ्यापेक्षा जड पोतं उचलते. आणि डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणतात, 'सुरुवात आहे, पण तोच आजार आहे.' सुरुवात म्हणे! बाहेरून एक टवकासुद्धा उडालेला दिसत नाही गं.

तुला माहीत आहे, मी शाळा लवकर सोडली, पण जे हाताला लागेल ते वाचते. वाचनालयातून एक मासिक आणलं. त्यात लिहिलंय की मेंदूत कसल्याशा प्रथिनाच्या गुठळ्या साचतात आणि पेशी मरतात. पण डॉक्टरीणबाई तर म्हणाल्या, बऱ्याचशा पेशी अजून जिवंत आहेत. मग ही बाई विसरते कशी? सगळे दिवे शाबूत आणि घरात अंधार, हे माझ्या डोक्यात शिरेना. तू प्रयोगशाळेत मेंदूच्या पेशी ताटलीत वाढवतेस, तुला ठाऊक असणार. मावशीला समजेल अशा भाषेत लिही. त्या बाईंना सांगायला मला काहीतरी हवंय.

बाकी इकडे सगळं ठीक. भट्टीवाले काका अजून तसेच खोकतात आणि तसेच खोटं बोलतात की विडी सोडली.

तुझी मावशी

२६ जानेवारी

ठिणगे,

तुझं पाकीट फोडलं, पहिली ओळ वाचली आणि माझी चोरी पकडली गेली.

'मावशी, आपल्याकडची गिऱ्हाइकं पोती कधीपासून उचलायला लागली?'

धन्य आहे तुझी. आईच्या पोटातूनच वकिली शिकून आलीस.

हो गं. ती बाई तुझी आई आहे.

दवाखान्यातून परतताना तिनं माझं मनगट घट्ट धरलं होतं. 'ताई, ठिणगीला कळता कामा नये,' म्हणाली. मी हो म्हटलं. आणि मग घरी येऊन ही गिऱ्हाईक बाई तयार केली. आता माझी बहीण मला काय म्हणायचं ते म्हणो. तुझ्यापासून हे लपवून मला घास गिळत नव्हता.

तू काढलेलं चित्र मी पुन्हा पुन्हा पाहिलं. मला कळलं ते असं. चुकलं तर रागावू नकोस. मेंदूतल्या दोन पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात. मधे एक बारीकशी फट असते. एक पेशी त्या फटीत रसायन सोडते आणि समोरची ते झेलते. म्हणजे एकीनं हाक द्यायची, दुसरीनं ओ. झेलणाऱ्या पेशीच्या अंगावर त्यासाठी बोंडांसारखे नाजूक कोंब असतात. आणि हे विषारी प्रथिन सुरुवातीला पेशीला मारत बसत नाही. ते नेमकं त्या दोन पेशींच्या सांध्यावर येऊन बसतं. कोंब आक्रसतात, गळून जातात. पेशी जिवंत असते, पण हाक तिच्यापर्यंत पोचत नाही. पोचली तरी टिकत नाही.

आणि मासिकातल्या त्या मोठ्या गुठळ्या, ज्यांच्यावर मी सगळा दोष टाकून बसले होते, त्या म्हणे त्यातल्या त्यात कमी उपद्रवी. जास्त विषारी ते दोन-चार, दहा-बारा रेणूंचे सुटे तरंगणारे पुंजके, असं तुमच्यातल्या बऱ्याच जणांना वाटतं. हे मात्र मला लगेच पटलं. पिठातली मोठी गुठळी चाळणीत अडकते, चिमटीत धरून फोडता येते. चाळणीच्या भोकातून निसटते ती बारीक गुठळी पावात जाते, आणि ती दाताखाली येईपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही.

पण तुझ्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. 'मावशी, मी रोज तेच प्रथिन ताटलीतल्या पेशींवर थेंबाथेंबानं टाकते आणि सांधे कसे गळतात ते भिंगाखाली मोजते. मला काय माहीत, घरी काय चाललंय.' अगं बाळे! त्यानंतर त्या दिवशी तू कामाला हात कसा लावलास?

आता मी जे सांगणार आहे ते बसून वाच.

आपल्याकडची मिठाची रीत तुला शिकवायला नको, पण मला क्रमानं लिहिल्याशिवाय जमत नाही. मीठ पांढरं, मैदा पांढरा. मीठ एकदा मैद्यात गेलं की ते पडलंय की नाही हे डोळ्यांना कळत नाही. मळायच्या यंत्राचा आवाज असा की शेजारच्याचं बोलणं ऐकू येऊ नये. म्हणून आमच्या वडिलांनी नियम केला होता. मीठ टाकणाऱ्यानं 'मीठ!' अशी हाक द्यायची आणि टाकायचं. यंत्रापलीकडे उभ्या असलेल्यानं ते पडताना बघून 'पडलं!' म्हणून ओ द्यायची. ओ ऐकल्याशिवाय डब्याचं झाकण लावायचं नाही. आणि एकदा झाकण लागलं की मीठ या विषयावर कुणी तोंड उघडायचं नाही.

तुझं आणि आईचं वाजलं तो दिवस आठव. शाळेच्या सहलीची ऑर्डर होती. तुझ्या हातात परीक्षेचं पुस्तक होतं. मीठ दोनदा पडलं, पीठ फुगलंच नाही, दगडासारखं पडून राहिलं. ती म्हणाली, तू ओ दिलीच नाहीस. तू म्हणालीस, 'दिली, आई! चांगली ओरडून दिली!' मी पुढं दुकानात होते, यंत्राच्या आवाजात मला काहीच ऐकू आलं नव्हतं. मग ती बोलू नये ते बोलली. 'हाकेला ओ देता येत नाही तर माझ्या भट्टीशी उभी राहू नकोस. जा.' आणि तू खरंच गेलीस.

या हिवाळ्याच्या तोंडाशी तुझ्या जागेवर मी उभी होते. तिनं 'मीठ!' म्हटलं, टाकलं. मी 'पडलं!' म्हणून अशी ओरडले की भट्टीवाले काका डोकं बाहेर काढून म्हणाले, 'कोण पडलं?' आम्ही दोघी हसलो. तिनं झाकण लावलं, पाणी प्यायला गेली, परत आली, आणि डब्याचं झाकण उघडलं.

'अगं, पडलं!' मी म्हटलं.

'कधी? तू ओ कुठं दिलीस?'

ठिणगे, ती माझ्याकडे सरळ बघत होती. डोळ्यांत खोटं नाही, चेष्टा नाही, काही नाही. आत्ताच हसलो होतो आम्ही! ते हसणंसुद्धा तिच्याकडे नव्हतं. तिच्या आजाराचा विचार नंतर आला. पहिला विचार आला तो हा, की त्या दिवशी पोरगी खरं बोलत होती.

तू ओ दिली होतीस. हे तुला लिहायचं होतं.

मावशी

१३ फेब्रुवारी

ठिणगे,

तू विचारलंस, दवाखान्यात काय काय झालं. सांगते.

डॉक्टरीणबाईंनी तिला काही साधे शब्द सांगितले आणि लक्षात ठेवायला सांगितलं. तिनं धडाधड म्हणून दाखवले. मला वाटलं, सुटलो. मग घड्याळ काढायला सांगितलं, उलटे आकडे म्हणायला सांगितले. तुझी आई म्हणते, 'बाई, तुम्हाला माझी परीक्षा घ्यायची की मला नोकरी द्यायची?' डॉक्टरीणबाई हसल्या. मग म्हणाल्या, 'आता मघाचे शब्द सांगा.'

'कुठले शब्द?'

'मी सांगितले होते ते.'

'तुम्ही शब्द कधी सांगितलेत?' आणि माझ्याकडे वळून, 'ताई, यांनी सांगितले का गं काही?'

शब्द विसरली असती तर मी समजू शकले असते, मीही विसरले असते. शब्द सांगितले होते हेच तिच्याकडे नव्हतं. तोच चेहरा, तोच स्वर: 'तू ओ कुठं दिलीस?'

नंतर मणक्यातून पाणी काढून तपासलं, त्यात त्या प्रथिनांची खूण सापडली. गुठळ्या धुऊन काढणारं औषध आहे म्हणे, पण त्यानं उतार थोडा मंद होतो, गेलेलं परत येत नाही, आणि मेंदूला सूज यायचा धोका असतो. अजून तपासण्या करून ते ठरवणार आहेत. रस्त्यात तुझी आई एवढंच म्हणाली, 'ताई, मग आता मी कोण?' मी म्हटलं, 'माझी धाकटी, आणि कोण!'

त्यानंतर मी एक शहाणपणा केला. मिठाचा डबा उचलून फडताळात ठेवला आणि मीठ मीच टाकायला लागले. दुसऱ्याच दिवशी ती माझ्यासमोर येऊन उभी.

'डबा कुठाय?'

'असेल कुठंतरी.'

'ताई, मी विसरते. मूर्ख नाही झाले.' कमरेवर हात ठेवले तिनं. 'उद्या म्हणशील, भट्टीजवळ येऊ नकोस. परवा म्हणशील, जिन्यावर चढू नकोस. मिठालाही नालायक ठरवलंस का मला?'

डबा परत जागेवर ठेवला. आता मी यंत्रापलीकडून फक्त तिच्या हातांकडे बघते. पुन्हा झाकण उघडलं की काहीतरी निमित्त काढून तिला हाक मारते. कधी जमतं, कधी पीठ कुत्र्यांनाही घालता येत नाही.

आता तुझ्या खऱ्या प्रश्नाबद्दल. 'मावशी, आजार मला समजतो. तो माझ्याइतका कुणाला समजतो? पण आईनं एकदा तरी म्हणावं, ठिणगे, तू ओ दिली होतीस, माझं चुकलं. तेवढं म्हटलं की मी येते.'

बाळ, मागणं काही जास्त नाही. ती म्हणेल. मी तिच्याशी बोलते. चांगली वेळ बघून बोलते. तू बॅग भरायला घे.

मावशी

२० फेब्रुवारी

ठिणगे,

काय लिहू समजत नाही. दोन कागद फाडून झाले.

मी तिच्याशी बोलले. दुपारी, ट्रे धुताना. मन प्रसन्न होतं तिचं, गुणगुणत होती. मी म्हटलं, 'धाकटे, त्या मिठाच्या दिवशी पोरीनं ओ दिली होती बरं का. आपल्याला आत्ता कळतंय. तिला तेवढं सांगून टाक.'

'कुठला मिठाचा दिवस?'

मला वाटलं, टाळतेय. मी म्हटलं, 'सहलीची ऑर्डर. पीठ वाया गेलं होतं. तू ठिणगीला जा म्हणालीस, ती गेली.'

तिनं हातातला ट्रे खाली ठेवला. 'मी?' म्हणाली. 'मी ठिणगीला जा म्हणाले?'

आणि मग हसली गं! 'काहीतरीच काय, ताई. कोण आई म्हणेल असं?'

ट्रेवरून पाणी ओघळत होतं. तिच्याकडे ते नाही, ठिणगे. तो दिवसच नाही. जिच्यामुळे आपल्या घराचे दोन तुकडे झाले, जिच्यापायी तू इतकी वर्षं जळत राहिलीस, ती गोष्ट तिच्या डोक्यातून पुसून गेलीय.

थोड्या वेळानं हात पुसत माझ्याजवळ आली. लहान मुलगी मोठ्या बहिणीला विचारते तशी विचारलं, 'ताई, खरं सांग. ठिणगी माझ्याशी बोलत का नाही? मी किती दिवस मनात ठेवलंय. माझं काय चुकलं?'

मी काय सांगू तिला? तू सांग. तू शिकलीस, तूच सांग. आत्ताच तर सांगून झालं होतं माझं!

मावशी

९ मार्च

ठिणगे,

तुझं पत्र उशिरा आलं, आणि आलं ते निखाऱ्यासारखं. 'सोयीचं तेवढं बरं विसरते.' 'मग मी रागावू तरी कुणावर?'

रागाव. माझ्यावर रागाव, माझी पाठ रुंद आहे. पण 'सोयीचं' हा शब्द परत घे. हे तुझ्या ताटलीला शोभत नाही.

तूच लिहिलंस ना त्याच पत्रात, खाली, बारीक अक्षरात? मेंदूत झाडलोट करणाऱ्या पेशी असतात. मेलेलं, मोडलेलं उचलणं हे त्यांचं काम. पण या आजाराच्या सुरुवातीलाच, विषारी पुंजके सांध्यांवर बसले की चांगल्या सांध्यांवरसुद्धा टाकाऊ अशी खूण पडते, आणि झाडणाऱ्या पेशी ते जिवंत सांधे गिळून टाकतात. उंदरांत हे तुम्ही पाहिलंय, माणसांतही असंच होत असावं. हे वाचून मी पत्र उलटं ठेवलं. बाहेरचा चोर असता तर दाराला कडी लावली असती. ही तर घरातलीच झाडणारी बाई, आपल्याच पगारावरची, देव्हाऱ्यातली मूर्ती कचऱ्यात टाकतेय आणि तिला वाटतंय आपण घर स्वच्छ करतोय! असलं कुणी कधी ऐकलंय का?

मग मला सांग, तुझ्या आईनं निवडून निवडून भांडण फेकलं का? तिला निवडता आलं असतं तर तिनं तुझे वडील गेले तो दिवस फेकला असता. तो मात्र आहे तिच्याकडे, अगदी त्यांच्या तुटलेल्या चपलेच्या पट्ट्यासकट. जे जुनं, ते अजून धरून आहे. जे अलीकडचं, त्याचे सांधे कोवळे, ते आधी गेले. आणि तो दिवस घडला तेव्हाच बहुधा आत हे सुरू झालं होतं. मग तो मुळातच कच्चा लिहिला गेला असेल. हे मी माझ्या अकलेनं म्हणतेय, चुकत असेल तर खोड.

तू माफीची वाट बघतेस. ती ज्या दारातून यायची ते दारच आता भिंतीत नाही. मला याचा इतका धक्का बसला की चार दिवस मीच पिठात साखर घालायला विसरले. भट्टीवाले काका म्हणाले, 'हा आजार लागट आहे का?' त्यांना लाटण्यानं मारणार होते.

पण एक सांगते. मी रोज तुझ्या जागेवर उभी असते. ती 'मीठ!' म्हणते तेव्हा तिची नजर माझ्याकडे नसते. माझ्यापेक्षा जरा खाली असते. तुझ्या उंचीवर. मी 'पडलं!' म्हटलं की दचकल्यासारखी वर बघते. आवाज चुकीचा आला असं तिला वाटत असावं.

ये म्हणून मी तुला गळ घालणार नाही. पण आज ती तुला बघून 'ठिणगी' म्हणेल हे मी छातीठोक सांगू शकते. पुढच्या वर्षाचं मला सांगता येणार नाही, आणि तुलाही नाही. ही गोष्ट तू माझ्यापेक्षा चांगली जाणतेस. म्हणून तर इतकी चिडलीयस.

माफी मिळणार नाही हे धरून येता येत असेल तर ये.

मावशी

२ एप्रिल

ठिणगे,

तू परत तिकडे पोचलीस हा निरोप मिळाला. शेजारच्या शिंपीणबाईंच्या फोनवर आलेला निरोप त्यांनी अख्ख्या गल्लीला सांगून मग मला सांगितला.

तू इथून गेलीस तेव्हा आपलं धड बोलणं झालंच नाही. तू आलीस तेव्हा दारात तशीच खिळून उभी राहिलीस ते मी पाहिलं. मनात काय काय योजून आली असशील! आणि तिनं तुला बघितलं, पदरानं कपाळ पुसलं आणि म्हणाली, 'आलीस? किती वाळलीस. केस बांध, पीठ मळायची वेळ झालीय.' जशी काही तू कोपऱ्यावरून दूध घेऊन आली होतीस. मला वाटलं, आता ही मागच्या मागे निघून जाते. पण तू केस बांधलेस. त्याबद्दल मावशी तुझी जन्माची ऋणी आहे.

मग यंत्र सुरू झालं. तू तुझ्या जागेवर. तिनं 'मीठ!' म्हटलं आणि टाकलं. तुझ्या तोंडून शब्द फुटेना. ती माप हातात धरून, झाकण उघडं ठेवून थांबली. मग ओरडली, 'ओ दे गं कार्टे, माझा हात अवघडला!' आणि तू अशी किंचाळलीस, 'पडलं!' की काकांनी पुन्हा डोकं बाहेर काढलं. लगेच तू मागच्या दारानं अंगणात गेलीस, आणि बराच वेळ आत आली नाहीस. आलीस तेव्हा डोळे सुजलेले होते आणि गाडीची वेळ झाली होती.

तू अंगणात होतीस तेव्हा आत काय झालं ते तुला सांगितलंच नाही. स्टेशनवर सांगणार होते, पण तिथं तुझी आई तुझा हात सोडेना आणि मला मधे तोंड घालवेना. आता सांगते.

तू अंगणात गेलीस, तिनं झाकण लावलं. मी यंत्राच्या कडेचं पीठ खरवडत होते. ती नळाशी गेली, हात धुतले, परतली. आणि नेहमीसारखा तिचा हात डब्याकडे गेला. झाकण उघडलं. माप भरलं. आज नको, देवा, म्हटलं, निदान आज तरी नको. मी काहीतरी निमित्त काढायला तोंड उघडलं.

ती थांबली. भरलेलं माप हातात, आणि समोर तुझ्या रिकाम्या जागेकडे बघत राहिली. कपाळाला आठ्या. काहीतरी चाचपत होती बिचारी, अंधारात बटण शोधावं तशी. मग माझ्याकडे वळली.

'ताई, मीठ पडलं का?'

अगं, तिनं विचारलं! इतक्या दिवसांत एकदाही विचारलं नव्हतं. नेहमी तिला खात्री असायची की नाहीच पडलं.

'पडलं,' मी म्हटलं.

तिच्या चेहऱ्यावर तेच आलं. विश्वास बसत नव्हता. माझ्या शब्दावर कधीच बसत नाही. माप तसंच धरलेलं. मला वाटलं, आता टाकते.

मग म्हणाली, 'ओ कुणी दिली होती?'

'ठिणगीनं.'

तिच्या आठ्या गेल्या. 'ठिणगीनं दिली ना?' म्हणाली. 'मग पडलंच असणार.'

आणि मापातलं मीठ डब्यात परत ओतून तिनं झाकण लावलं.

ठिणगे, मला तुझी ती मोठमोठी नावं येत नाहीत. कुठला सांधा गळला आणि कुठला राहिला हे तू तुझ्या भिंगाखाली बघ. मी बघितलं ते एवढंच.

त्या पिठाचा पाव छान फुलला. मीठ अगदी बरोबर. एक तुझ्यासाठी बांधून या पत्राबरोबर पाठवतेय. पोचेपर्यंत शिळा होईल. भाजून खा.

मावशी